मधोमधची खुर्ची

"...मग आता तुम्हीच सांगा भंतेजी, घ्यायचा तरी कोणता?"

भंते नागतिस्स धुतलेलं चीवर दोरीवर टाकत होते. त्यांनी ओल्या कापडाचं एक टोक सुमेधच्या हातात दिलं.

"ताण."

सुमेध खोब्रागडेने ताणलं. पाणी निथळून त्याच्या बुटांवर पडलं.

"पहिला होता तो उजेडाला जबरदस्त," सुमेध पुढे म्हणाला, "पण त्याच्यात काळा रंग काळा दिसत नव्हता. राखाडी दिसायचा. रात्रीचा सीन लागला की वाटायचं संध्याकाळच आहे. तो परत केला. दुसऱ्याचा काळा असा, की नजर हलू नये. पण चित्र अंधुक. तोही परत केला. तिसऱ्यात सगळं जमलं होतं..."

"मग?"

"पंखा वाजायचा."

भंते चीवराच्या सुरकुत्या हाताने काढत राहिले.

विहार लहानसाच होता. चंद्रपूरच्या वाटेवर, रस्त्यापासून थोडा आत, एका उघड्याबोडक्या टेकाडावर. पुढे हॉल, हॉलच्या बाजूला भंतेंची टिनाच्या दाराची खोली, आणि समोर शेणाने सारवलेलं मोठं अंगण. पौषातली सकाळ होती. थंडी अजून अंगातून गेली नव्हती, म्हणून सगळे उन्हातच बसले होते. अंगणात तीन-चार उपासिका भोजनदानाचे तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यापासून थोडं दूर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात लाल मफलर गुंडाळून सुमेधचे वडील बसले होते. मान खाली. हात मांडीवर.

सुमेधच्या आईचा आज स्मृतिदिन होता. त्यासाठीच बापलेक सकाळी गाडीने निघाले होते. सुमेधची बायको करुणा शाळेच्या परीक्षांमुळे येऊ शकली नव्हती. तिने शिधा आणि पुरणाच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या, आणि दारात उभं राहून म्हणाली होती, "एवढी दुकानं फिरून झाली. आता त्या मशीनचंही भंतेजींनाच विचारून या."

ती चिडून म्हणाली होती. सुमेधने ते खरंच विचारलं.

त्याच्याकडून असं विचारलं जाणं, ही साधी गोष्ट नव्हती. वीज केंद्राच्या वसाहतीत लोक सुमेधला विचारत. टीव्ही घ्यायचा असो, गिझर असो, नाहीतर गाडीची बॅटरी, खोब्रागडे साहेबांना विचारल्याशिवाय कोणी दुकानाची पायरी चढत नसे. सुमेधला त्याचा अभिमान होता. लपवत नव्हताही तो.

"आजवर माझ्या घरात चुकीची वस्तू आली नाही, भंतेजी," तो म्हणाला.

"आणि बरोबर वस्तू?"

"तीच तर..." सुमेध थांबला. "ती अजून यायची आहे."

एक उपासिका तोंडाला पदर लावून हसली. सुमेधचे कान तापले.

"तुम्हाला वाटत असेल, हा काय चैनीच्या गोष्टी घेऊन आला भिक्खूकडे. पण हे माझ्यासाठी नाहीये." त्याने वडिलांकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बाबांसाठी आहे. कागद गिरणीत होते ते. दर आठवड्याला नवा सिनेमा लागला की आईला सायकलवर डबलसीट घेऊन टॉकीजला जायचे. आई गेली आणि बोलणंच सोडलं त्यांनी. विचारलं तर हो, नाहीतर नाही. गुडघ्यांमुळे टॉकीजच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून म्हटलं, टॉकीजच घरी आणावी. खालची खोली रिकामी केली. खिडकी बुजवली, भिंती काळ्या केल्या, भिंतभर पडदा लावला. मधोमध त्यांची खुर्ची ठेवली. कारण मधूनच चित्र सगळ्यात चांगलं दिसतं. आता फक्त प्रोजेक्टर..."

"किती दिवस झाले खोली होऊन?"

सुमेध चीवराचं टोक पुन्हा ताणू लागला.

"चुकीचा आणून कसं चालेल, भंतेजी? त्यांच्यासाठी करतोय. एकदाच करायचंय. ते चांगलंच व्हायला पाहिजे."

भंतेंनी दोरीला चिमटा लावला.

"वडील काय म्हणतात?"

"त्यांचं काय... तुला योग्य वाटेल ते कर, म्हणतात. त्यांना त्यातलं कळत नाही."

भंते हात पुसत म्हणाले, "माझ्याकडे एक आहे."

"काय?"

"प्रोजेक्टर."

सुमेधने विहाराकडे पाहिलं. वायर दिसत नव्हती. छतावर सोलर पॅनेलही नव्हतं. "तुमच्याकडे? कुठल्या कंपनीचा?"

"आत ये."

भंतेंची खोली म्हणजे एक चटई, एक कंदील, कोपऱ्यात पाण्याचा माठ. तीन बाजूंनी चुन्याने रंगवलेल्या भिंती, खिडकी नाही. सुमेधने सवयीने छताकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पाहिलं. यंत्र कुठेच नव्हतं.

"कुठेय?"

"बस."

सुमेध चटईवर बसला. भंतेंनी दार ओढलं. कडी लावली.

अंधार झाला. बाहेरच्या बायकांचं बोलणं एकदम लांब गेलं.

"भंतेजी..."



सुमेधला भंते कुठे बसलेत तेही दिसेना. चुन्याचा वास येत होता. माठातलं पाणी झिरपत होतं तेवढा आवाज. त्याला वाटलं, आता हे सांगणार की मन हाच पडदा, आणि डोळे मिटून बस. अशा बोलण्याची त्याला चीड होती. तो उठायच्या बेतात होता.

मग समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं.

आधी त्याला भास वाटला. थोड्या वेळाने अंधार डोळ्यांना सरावला, तसा भिंतीवर फिकट निळा पट्टा दिसू लागला. खाली निळं. वर पिवळट. मधे काही रंगाचे डाग. डाग हलत होते.

सुमेधने मान वळवून दाराकडे पाहिलं. टिनाच्या दारात कधीतरी कोणी खिळा ठोकून काढला होता. त्या भोकातून उजेड टोचल्यासारखा आत येत होता.

"अच्छा," तो म्हणाला, आणि हसला. "बारीक भोकातून उजेड येतो, समोर बाहेरचं चित्र पडतं. शाळेत शिकवलंय हे. पण भंतेजी, उजेड फारच कमी. कडा फुटलेल्या. आणि उलटं दिसतं. जमीन वर, आभाळ खाली."

त्याने पुन्हा दाराच्या भोकाकडे पाहिलं.

"भोक थोडं लहान असतं, तर कडा नीट आल्या असत्या. पण मग उजेड अजून कमी झाला असता. तीच तर गंमत आहे. एक सांभाळायला जावं तर दुसरं..."

तो बोलता बोलता थांबला.

भिंतीवर, वरच्या बाजूला, एक लाल ठिपका होता. ठिपक्याखाली डोकं. बाबांचा मफलर.

बाबा उलटे लटकल्यासारखे दिसत होते. पण त्यांचे हात मांडीवर नव्हते. हात हवेत होते.

सुमेध पुढे सरकला.

बाबांनी एक हात लांब केला, जणू कोणाला थांबवत होते. मग दोन्ही हात छातीशी नेले. मग मफलरचं एक टोक ओढून डोक्यावर घेतलं आणि मान अशी वेळावली की बघणाऱ्याला कळावं, आता ही बाई आहे. तांदूळ निवडणारे हात थांबले होते. एक रंगीत लुगडं हसून पुढे वाकलं. भिंतीवर ते वर उचललं गेल्यासारखं दिसलं. टिनापलीकडून हसण्याचा आवाज आला, पुसट. शब्द कळत नव्हते.

बाबा सिनेमा सांगत होते.

मफलर पुन्हा गळ्यात गेला. आता ते खलनायक झाले असावेत, कारण त्यांनी खांदे रुंद केले आणि मिशी नसलेल्या जागी मिशीला पीळ दिला. आई असताना ते हेच करायचे. टॉकीजवरून आल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून, आईने मधेच झोप काढली असेल तेवढा भाग तिला करून दाखवायचे. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "पुरे झालं, पोरगं अभ्यासाला बसलंय." आणि अभ्यासाला बसलेलं पोरगं दाराच्या फटीतून बघत असायचं...

सुमेध कितीतरी वेळ बघत राहिला. मधे एकदा ढग आला असावा, भिंत विझली. त्याचा हात आपोआप पुढे झाला, जणू ढग बाजूला सारता आला असता. मग भिंत पुन्हा उजळली. बाबा तिथेच होते. अजून बोलत होते.

"भंतेजी," तो म्हणाला. "ते माझ्याशी असं बोलत नाहीत."

"हं."

"मी एवढं केलं त्यांच्यासाठी..."

भंते उठले. कडी काढली. दार उघडताच भिंत कोरी पांढरी झाली आणि सुमेधचे डोळे दिपले.

तो अंगणात गेला तेव्हा बाबांनी हात मांडीवर ठेवले. मान खाली घातली. बायकाही सुपाकडे वळल्या.

"थांबले काऊन बाबा?" सुमेध म्हणाला. एरवी तो वडिलांशी असं बोलत नसे. नोकरीला लागल्यापासून त्याच्या बोलण्यातला 'काऊन' हळूहळू गळून गेला होता. "सांगा ना. पुढं काय झालं?"

"काई नाई. बसल्या बसल्या आपलं..."

"अवो, तुमचे बाबा तं अख्खा शिनेमा करून दाखवून राहिले," पारबताबाई म्हणाल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या त्याच होत्या. "आता त्या पोरीचं लगन लागते का नाई, तेवढंच राहिलं होतं. अन् तुम्ही आले मधात." त्यांनी एक ताट बाबांपुढे सरकवलं. "घ्या काका, नाई सांगत तं निदान खडे तरी निवडा."

"मले खडे दिसत नाई बाई."

"चष्मा आणला नाई?"

"चष्म्यानं काई होत नाई. मधातलंच दिसत नाई. तुमच्या पदराचा काठ दिसते, तोंड नाई दिसत." बाबा हे सहज बोलून गेले, परक्या माणसाशी बोलतात तसं. मग त्यांच्या लक्षात आलं, की पोरगा शेजारीच उभा आहे.



सुमेध जमिनीवर बसला. बाबांच्या पायाशी, सारवलेल्या अंगणात, चांगली पँट घालून.

"कधीपासून, बाबा?"

"झाले बरेच दिवस. तुह्या आईच्या आजारपणात सुरू झालं."

"डॉक्टरला..."

"दाखवलं. शेजारच्या मून मास्तरांसंग गेलो होतो. डोळ्यातला पडदा मधात खराब झाला, म्हने. कडेचं राहीन. आंधळे नाई होणार, असं म्हनलं त्यानं. गोळ्या देल्ल्या."

"आणि मला सांगितलं नाही?"

बाबांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"कोण्या तोंडानं सांगू? तू एवढं मन लावून खोली करून राहिला होता. भिंती काळ्या केल्या. बुवा, लोकं पांढऱ्या करतेत, ह्यानं माह्यासाठी काळ्या केल्या. अन् मी म्हणू, मले दिसत नाई?" ते क्षणभर थांबले. "तू पहिली मशीन वापस केली ना, मले इतकं हलकं वाटलं, का विचारू नको. म्हनलं, सुटलो. मंग तू दुसरी आणली. थेबी वापस केली. मी मनातल्या मनात म्हणो, याले कोणचीच पसंत न पडो."

सुमेध त्यांच्याकडे बघतच राहिला.

मग त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग दाबता येईना. पारबताबाईंना वाटलं रडतो आहे, म्हणून त्या पाणी आणायला उठल्या.

"काऊन हासतो बे?"

"बाबा... मी पण." त्याने डोळे पुसले. "प्रत्येक वेळी परत केला की मलापण हलकंच वाटायचं. भीती होती मला. लावला, आणि तुम्हाला नाही आवडला तर? तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत तर? मग माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नसतं. त्यापेक्षा शोधत राहिलेलं बरं."

बाबांनी थोडा वेळ या बोलण्याचा विचार केला.

"म्हंजे तू मले घाबरे, अन् मी तुले."

"हो."

"अन् तो दुकानदार दोघायले."

आता बायकाही हसल्या. बाबा हसले, तेव्हा त्यांचे खांदे हलले. सुमेधने ते कितीतरी दिवसांनी पाहिलं. अंगावरून ओलं घोंगडं कोणी काढून घ्यावं, तसं त्याला झालं. आता काही ठरवायचं उरलं नाही. काळ्या भिंती पुन्हा पांढऱ्या करता येतील. खिडकी फोडता येईल.

"जाऊ द्या बाबा," तो म्हणाला. "नको तो प्रोजेक्टर."

"नको काऊन?"

"दिसतच नाही, तर..."

"मधातलं दिसत नाई म्हनलं मी. कडेचं दिसते. मोठं असलं अन् उजेड असला, तं बरंच दिसते." बाबांनी मान तिरपी केली आणि डोळ्याच्या कडेने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. "आता तू दिसला. दाढी नाई केली आज."

सुमेधचा हात गालावर गेला.

"ते पहिली मशीन होती ना," बाबा म्हणाले, "तिच्यात मले दिसे. खुर्ची जराशी भिंतीकडं सरकवली अन् मान वळवली, का पोरी नाचतांना दिसेत, घोडे पळतांना दिसेत. पण तू येऊन खुर्ची वापस मधात करे. 'बाबा, मधोमध बसा, इथूनच चांगलं दिसते.'"

सुमेधला आठवलं. खुर्ची उचलून जागेवर ठेवताना आपण किती प्रेमाने ठेवत होतो, तेही आठवलं. जमिनीवर त्याने खडूने खूणसुद्धा करून ठेवली होती, कोणी चुकून हलवू नये म्हणून.

त्याने बाबांचे गुडघे धरले.

"तोच आण," बाबा म्हणाले. "पहिला."

"त्याच्यात काळा रंग राखाडी दिसतो, बाबा."

"मले तं सगळंच राखाडी दिसते बे."

"आणि तोंडं? माणसांची तोंडं कशी बघाल?"

"तू सांगशीन. कोण रडून राहिलं, कोण हासून राहिलं, तेवढं सांगत जा. बाकी मले आवाजावरून समजते." त्यांनी पारबताबाईंकडे वळून सूप मागून घेतलं. खडे निवडायला नव्हे, मांडीवर ठेवायला काहीतरी हवं म्हणून. "हं. तं पोरीचा बाप येते दारात. हातात लाठी..."

सुमेध तिथेच बसून राहिला. पोरीचं लग्न लागलं तेव्हा बाबांनी सुपातले तांदूळ थोडे उधळले, आणि पारबताबाई ओरडल्या.

मग भोजनदान झालं. वरण, भात, मेथीची भाजी, करुणाने बांधून दिलेल्या पुरणाच्या पोळ्या. भंते माध्यान्हीच्या आत जेवले. नंतर सगळ्यांनी मिळून आईच्या नावाने पुण्यानुमोदन केलं. भंतेंनी आईचं नाव घेतलं, तेव्हा बाबा ताठ बसले होते, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं, "तिले शिनेमात झोप लागे, भंतेजी. पण म्हने, पाह्याले जाऊच."

निघताना बाबांना गाडीत बसवून सुमेध परत आला. दुकानदाराला त्याने तिथूनच फोन केला होता. फोनवर दुकानदाराने तीनदा विचारलं होतं, नक्की ना साहेब, पहिलाच ना, आणि तिन्ही वेळा सुमेधने लगेच हो म्हटलं होतं. इतकं सोपं हो त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

त्याने गुडघे टेकून वंदन केलं.

"सुखी हो," भंते म्हणाले.

सुमेध उठला, पण गेला नाही.

"भंतेजी, एक विचारू? तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"बाबांच्या डोळ्यांचं."

भंतेंनी नकारार्थी मान हलवली.

"ते बोलत नाहीत, हे?"

"आज पहिल्यांदा भेटले."

"मग... ते सगळं मला दाखवलं कसं तुम्ही?"

भंते दोरीजवळ गेले. चीवर अजून थोडं दमट होतं. त्यांनी ते उलटवून पुन्हा उन्हात टाकलं.

"मी काय दाखवलं?" ते म्हणाले. "मी नुसतं दार लावलं."